गैरहजेरीची दखल : वंचित वस्तीतील समाजकेंद्र आणि एकाकीपण

एकाकीपणाचा विचार मराठीत आजवर बहुतांशी शहरी सदनिकेच्या अंगाने झाला आहे : मुले परदेशी गेलेली, जोडीदार वारलेला, आणि दारावरची घंटा दिवसातून एकदा दूधवाल्याने वाजवली तर वाजवली. त्यामुळे पत्र्याच्या एका खोलीत सहा-सात माणसे दाटीवाटीने राहतात, भिंतीला भिंत लागून आहे, नळाला पाणी आले की सगळी गल्ली रस्त्यावर उतरते, अशा वस्तीतही माणूस एकटा पडतो, हे म्हणणे प्रथमदर्शनी पटत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी 1973 मध्ये एकाकीपणाचे जे दोन प्रकार वेगळे केले, ते येथे उपयोगी पडतात. ज्याच्यापाशी मन मोकळे करावे असे जिव्हाळ्याचे एकही माणूस नसणे, हे भावनिक एकाकीपण. आणि ज्यांच्यात आपली गणना होते असा गोतावळा नसणे, हे सामाजिक एकाकीपण. गर्दी या दोहोंवरही उपाय नाही. उलट, बोललेला शब्द पातळ भिंतीतून चार घरांत जातो हे ठाऊक असल्यामुळे वस्तीतील माणूस पुष्कळदा बोलणेच टाळतो, आणि विशेषतः सुना-लेकी वर्षानुवर्षे गप्प राहायला शिकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने जून 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपण जाणवते, वर्षाला सुमारे 8 लाख 71 हजार मृत्यूंशी त्याचा संबंध लावता येतो, आणि श्रीमंत देशांपेक्षा गरीब देशांत त्याचे प्रमाण जास्त आहे. म्हणजे हा सुखवस्तू माणसांचा चोचला नव्हे. मात्र असे जागतिक आकडे वाचून वस्तीत काय करावे हे कळत नाही. ते कळते वस्तीचा दिवस कसा उजाडतो आणि कसा मावळतो हे पाहिल्यावर.

उदाहरणादाखल सिल्लोड पाहू : छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे 65 किलोमीटरवर हे गाव आहे. अजिंठ्याची लेणी तेथून आणखी चाळीसेक किलोमीटर उत्तरेला, घाट उतरल्यावर लागतात. लेण्यांकडे जाणारा पर्यटक सिल्लोडला चहापुरता थांबतो, पण परिसरातील माणसाला सिल्लोड म्हणजे बाजार, तहसील, दवाखाना आणि कापूस, मका, हिरवी मिरची, अद्रक यांचा व्यापार. पावसाच्या भरवशावर शेती असलेल्या या पट्ट्याने 1972, 2012-13 आणि 2015-16 चे दुष्काळ पाहिले आहेत, आणि अशा प्रत्येक दुष्काळानंतर खेड्यातून तालुक्याच्या गावी माणसे सरकतात, हा मराठवाड्याचा जुना क्रम आहे. ही माणसे गावाच्या कडेला, मिळेल त्या जागेत राहतात. खेड्यात त्यांना भावकी होती, पार होता, सप्ताह होता, भांडायलासुद्धा हक्काची माणसे होती; येथे शेजार आहे, पण तो अद्याप आपला झालेला नाही. रोजंदारी पहाटे घराबाहेर काढते. कापसाच्या वेचणीत आणि मिरचीच्या तोडणीत बायांची टोळी वाहनात दाटीने बसून शेतावर जाते व दिवे लागणीला परतते. घरी उरतात ती म्हातारी माणसे, लहान मुले, बाळंतीण आणि आजारी. मराठवाड्याच्या दुष्काळी पट्ट्यातून ऊसतोडीला जाणारी जोडपी दिवाळीच्या आगेमागे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात, आणि तेवढे महिने आजी-आजोबांनी नातवंडे सांभाळायची असतात. अशा घरात भाकरीची चिंता असतेच. पण दुपारी अडीच-तीनच्या सुमारास घर खायला उठते, ते निराळेच दुःख असते.

वस्तीत काम करणाऱ्या आशा, अंगणवाडी सेविका, नगरपरिषदांचे समुदाय संघटक, म्हणजे शहरी गरिबांचे बचत गट बांधणारे मानधनी कार्यकर्ते, यांच्या अनुभवात एक गोष्ट सारखी आढळते. एकाकीपणाची तक्रार घेऊन कोणीही येत नाही. अंग दुखते, झोप लागत नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडते, करमत नाही, एवढेच सांगितले जाते, आणि दवाखान्यात सलाइन लावून घेतल्यावर दोन दिवस बरे वाटते. त्या बरे वाटण्यात सलाइनचा वाटा किती, आणि तास-दीड तास कोणीतरी उशाशी बसून विचारपूस केली तिचा किती, हा प्रश्न अनुभवी कार्यकर्तीला पडल्याशिवाय राहत नाही. ‘एकाकी व्यक्तींसाठी केंद्र’ असा फलक लावला तर तेथे चिटपाखरू फिरकणार नाही. माणसे यायला निमित्त लागते, आणि समाजकेंद्राचे, म्हणजे वस्तीने एकत्र यायच्या जागेचे, निम्मे कसब असे निमित्त शोधण्यात व ते टिकवण्यात आहे.

समाजकेंद्राची कल्पना नवी नाही. लंडनच्या गरीब भागात 1884 मध्ये टॉयन्बी हॉल आणि शिकागोत 1889 मध्ये जेन अॅडम्स यांचे हल हाऊस सुरू झाले, ती ‘सेटलमेंट’ची चळवळ होती, सुशिक्षितांनी गरीब वस्तीत जाऊन राहायचे आणि शेजारी म्हणून काम करायचे, असे तिचे सूत्र होते. मुंबईत ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा, मोफत वाचनालये आणि फिरती ग्रंथालये चालवली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 1920 च्या दशकात नागपाड्यात ‘नेबरहूड हाऊस’ उभे केले, आणि याच वास्तूत 1936 मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, जी आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. भारतातील समाजकार्याच्या औपचारिक शिक्षणाचा जन्म शेजारकेंद्राच्या इमारतीत व्हावा, हा नुसता योगायोग मानता येत नाही. पुढे 1953 च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ आले आणि गिरणगावात शिवणवर्ग, व्यायामशाळा, नाट्यस्पर्धा यांना सरकारी आधार मिळाला.

ही परंपरा सिल्लोडसारख्या गावापर्यंत पोहोचली नाही, याला कारणे आहेत. गिरणी नव्हती म्हणून कामगार कल्याण नव्हते, हे एक. दुसरे असे की 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि पूर्वपरवानगीशिवाय जाहीर सभा भरवायला बंदी करणारी कुप्रसिद्ध ‘गश्ती 53’ येथे लागू होती. चार माणसांच्या एकत्र येण्याकडे संशयाने पाहणाऱ्या राजवटीत वाचनालय चालवणे हेसुद्धा धारिष्ट्याचे काम होते. स्वातंत्र्यानंतर जे आले ते तुकड्यातुकड्यांनी आले : 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी, मागासवर्गीय वस्त्यांच्या सुधारणेच्या निधीतून समाजमंदिर, आमदार-खासदार निधीतून सभामंडप, लोकवर्गणीतून बुद्धविहार, मुस्लिम वस्तीत शादीखाना, आणि 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालील अनुदानावर तग धरून असलेले वाचनालय. इमारती मोजल्या तर त्या कमी नाहीत. उणीव आहे ती वेगळीच.

ती समजून घ्यायला मराठवाड्यातील कोणतेही सर्वसाधारण समाजमंदिर डोळ्यांसमोर आणावे. वीस बाय तीसची एक खोली, पुढे ओटा, निळा किंवा पिवळसर रंग, निधी देणाऱ्यांच्या नावांची संगमरवरी पाटी, लोखंडी दार आणि त्याला कुलूप. किल्ली कोणाकडे, या एका प्रश्नाच्या उत्तरात त्या इमारतीचे सगळे समाजशास्त्र सामावलेले असते. किल्ली माजी नगरसेवकाच्या घरी असेल तर विरुद्ध गटाची माणसे ती मागायला जात नाहीत. बायांना ती मागायची म्हणजे परक्या पुरुषासमोर उभे राहायचे. कंत्राटदाराने आत सिमेंटच्या गोण्या ठेवल्या असतील तर प्रश्नच मिटला. परिणाम असा की ते दार जयंतीला, लग्नाला, मतदानाला आणि लसीकरणाला उघडते, नि एरवी सारी वस्ती ओट्यावर बसते, आत कोणी जात नाही. याउलट ज्या ठिकाणी किल्ली वस्तीतल्याच एखाद्या बाईच्या कमरेला असते आणि ती रोज ठरलेल्या वेळी दार उघडून झाडू मारते, तेथे महिन्या-दोन महिन्यांत माणसे आपोआप डोकावू लागतात. कार्यक्रम काय आहे हे नंतर विचारले जाते. दार उघडे आहे याची खात्री आधी व्हावी लागते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी घर आणि कामाची जागा यांपलीकडील, सहज जाता यावे व परत यावे अशा ठिकाणाला 1989 मध्ये ‘तिसरी जागा’ असे नाव दिले. त्यांच्या डोळ्यांसमोर कॉफीगृहे, केशकर्तनालये, गुत्ते होते. सिल्लोडच्या पुरुषांना ही तिसरी जागा चहाच्या टपरीवर, बाजार समितीच्या आवारात, मजूरनाक्यावर थोडीफार मिळते. बायांना ती पाणवठ्यावर मिळत असे, आणि नळ दारात आल्यावर कष्ट वाचले खरे, पण ती जागाही गेली.

निमित्तांपैकी सर्वांत भरवशाचे निमित्त सरकारी अर्ज हे आहे. संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा 1,500 रुपये मिळावेत म्हणून विधवा बाई येते. तिला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, आधार जोडलेले बँक खाते, असे एकेक कागद गोळा करायचे असतात, आणि एका फेरीत काम होत नाही. श्रावणबाळ योजनेचे वृद्ध हयातीच्या दाखल्यासाठी येतात. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी अंगणवाड्यांपुढे ज्या रांगा लागल्या, त्यांत कित्येक बाया प्रथमच आपल्या गल्लीपलीकडच्या बायांशी बोलल्या असतील. कार्यालयीन दृष्टीने हे खेटे म्हणजे मनस्ताप, आणि तो कमी झालाच पाहिजे. परंतु केंद्रात अर्ज भरायला बसलेल्या बाईला पाण्याचा तांब्या पुढे केला जातो, तिच्या कागदावरचे नाव मोठ्याने वाचले जाते, ‘तुमचं माहेर कुठलं’ असे विचारले जाते, आणि माहेरच्या गावाचे कोणीतरी त्याच खोलीत निघते. अर्ज मंजूर झाल्यावरही जी बाई येत राहते, तिच्याकरिता केंद्राने खरे काम केलेले असते.

दुसरे निमित्त हातकामाचे. गोधडीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. जुनी लुगडी-धोतरे धुऊन, उसवून, एकावर एक अंथरायची तर चार कोपऱ्यांना चार जणी लागतात. घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत ती पसरता येत नाही, म्हणून समाजमंदिराची फरशी हवी असते. कडेने कच्चे टाके घालून थर पक्के केले की मग ओळीने दोरा धावू लागतो, आणि हे काम कैक दुपारी चालते. हात गुंतलेले, नजर सुईवर, समोरचीच्या डोळ्यांत पाहायची सक्ती नाही, अशा बैठकीत जे बोलले जाते ते समुपदेशकाच्या खुर्चीसमोर सहसा बोलले जात नाही. कोणाच्या सुनेचे मूल गेले, कोणाचा मुलगा दारूला लागला, कोणाला रात्री विहीर दिसते, हे असेच कधीतरी धाग्याबरोबर बाहेर येते. ‘विहीर दिसते’ हे ऐकून जी कार्यकर्ती सुई थांबवत नाही, पण बैठक मोडल्यावर त्या बाईसोबत तिच्या घरापर्यंत चालत जाते, तिला प्रशिक्षणात शिकवलेले समजले आहे असे म्हणावे.

अशा साध्या माणसांच्या मदतीला वैद्यकीय मोल आहे, याचे पुरावे आता उपलब्ध आहेत. झिम्बाब्वेतील मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी 2006 मध्ये हरारे शहरात दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक ठेवून त्यावर वस्तीतल्याच प्रशिक्षित आज्यांना बसवले. या ‘मैत्रीच्या बाका’ची शास्त्रीय चाचणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली आणि नैराश्याची लक्षणे त्याने लक्षणीय घटतात असे दिसले. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांनी बैठका घेतल्या, पहिली मदत दिली आणि गरजूंना डॉक्टरांपर्यंत पोहोचवले. तेथे नैराश्यग्रस्तांपैकी उपचाराच्या संपर्कात आलेल्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. जिल्हा तोच होता. मधली माणसे नवीन होती. मराठवाडा-विदर्भाच्या 14 जिल्ह्यांसाठी 2015 मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातही शेतकरी कुटुंबांची मानसिक स्थिती तपासण्याचे काम आशांवर सोपवले गेले, आणि 2022 पासून 14416 या क्रमांकाची टेली-मानस सेवा फोनवर उपलब्ध आहे. मात्र ज्या घरात एकच मोबाईल असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो, त्या घरातील बाईला हा क्रमांक कितपत उपयोगी पडेल, हे धोरणकर्त्यांनी एकदा वस्तीत बसून पाहायला हवे.

केंद्राच्या कसबाचा उरलेला निम्मा भाग, आणि बहुधा अधिक महत्त्वाचा, म्हणजे न आलेल्या माणसाची दखल. 1995 च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट येऊन नेहमीपेक्षा 739 मृत्यू अधिक झाले; समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना करून दाखवले की ज्या वस्तीत दुकाने, रस्ते, येण्याजाण्याच्या जागा गजबजलेल्या होत्या तेथे म्हातारी माणसे तुलनेने वाचली, आणि जेथे रस्ते ओस होते तेथे ती बंद खोलीत एकेकटी मेली. वाचवले ते शेजाऱ्याच्या लक्षात येण्याने. सिल्लोडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपार काढणाऱ्या म्हातारीला हे समजावून सांगावे लागत नाही. चांगल्या केंद्राचा हजेरीपट म्हणूनच अनुदानासाठी ठेवलेल्या हजेरीपटापेक्षा निराळ्या तऱ्हेने वाचला जातो. दुसऱ्या प्रकारात एकूण संख्या पाहतात. पहिल्या प्रकारात कोणाच्या नावापुढे सलग तीन दिवस सही किंवा अंगठा नाही, हे पाहतात, आणि मग संध्याकाळी कोणीतरी जाऊन दाराबाहेरूनच हाक देते : ‘मावशी, दिसल्या नाहीत तीन दिवस?’ या प्रश्नाने जे साधते ते व्याख्यानमालेने साधत नाही, कारण आपण न गेल्याने कुठेतरी उणे पडले, ही जाणीव वाइस यांनी सांगितलेल्या दोन्ही एकाकीपणांना एकदमच भिडते.

या चित्राला काळी बाजूही आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. समाजमंदिर ज्या समाजाच्या निधीतून बांधले गेले, त्याच समाजाचे ते मानले जाते. विहारात, सभामंडपात, शादीखान्यात एकमेकांची माणसे सणासुदीला आमंत्रण असेल तर जातात, रोजच्या दुपारी जात नाहीत. एका जातीच्या आतला गोतावळा त्यामुळे घट्ट होतो, पण त्याच गल्लीत भाड्याने राहणारे एकटे-दुकटे कुटुंब, जे कोणत्याच मंडपाचे नाही, ते आणखी एकटे पडते. अंगणवाडी हीच काय ती जागा, जिथे सगळ्यांची लेकरे एका पंगतीला खिचडी खातात आणि त्यांच्या आया दारात एकत्र थांबतात. दुपारनंतर रिकामी राहणारी ही खोली वस्तीच्या केंद्रासाठी सर्वांत योग्य ठरावी, असे अनुभव सांगतो. पण त्याकरिता सेविकेवर आणखी एक बिनपगारी काम लादायचे, ही आजवरची पद्धत सोडावी लागेल. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी कर्मचारी बेमुदत संपावर गेल्या तेव्हा कामाचा हा ओझ्यावर ओझे चढवणारा प्रकार सर्वांसमोर आला होता.

पुरुषांचा प्रश्न अधिक अवघड आहे. बाया अर्जाला, गोधडीला, हळदीकुंकवाला येतात. काम न मिळालेला चाळिशीचा मजूर नाक्यावरून परत फिरतो तो घरी तोंड दाखवायला लाजतो, आणि त्याला सामावणारी दुपारची एकच जागा उघडी असते, ती दारूची. भजनी मंडळ, तालीम, कबड्डीचा संघ या जुन्या सोयी तरुणांना आणि म्हाताऱ्यांना पुरतात, मधल्या वयाला पुरत नाहीत. काही ठिकाणी वर्तमानपत्रे, कॅरम आणि मजुरीच्या कामांची माहिती देणारा फळा एवढ्या सामग्रीवर पुरुष येऊ लागतात. त्यांतही फळा हे खरे आकर्षण, कारण ‘काम बघायला आलो’ असे म्हणून आत येणे मानहानीचे नसते. ज्येष्ठ नागरिकांची विरंगुळा केंद्रे मोठ्या शहरांत चांगली रुजली आहेत, पण ती बहुतेक निवृत्तिवेतन असणाऱ्यांची आहेत. ज्याला सत्तराव्या वर्षीही मिरचीच्या आडतीवर पोती शिवायची आहेत, त्याला सकाळी दहाचा हास्यवर्ग जमत नाही.

केंद्रामुळे एकाकीपण कमी झाले हे मोजायचे कसे, असा प्रश्न निधी देणारे विचारतात. त्यासाठी 1978 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेली 20 विधानांची मापनपट्टी जगभर वापरतात. ‘मला सोबत नाही असे वाटते’ अशा धर्तीच्या विधानांना ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत गुण द्यायचे असतात. संशोधनाला ती आवश्यक आहे. परंतु वस्तीत ती वाचून दाखवली की सासू शेजारी बसलेली असताना सून ‘कधीच नाही’ हेच उत्तर देते. त्यापेक्षा आडून विचारलेले साधे प्रश्न जास्त सांगतात : रात्री ताप आला तर कोणाला हाक माराल, दोनशे रुपये उसने कोण देईल, दवाखान्यात सोबत कोण येईल. वर्षापूर्वी ज्या बाईने तिन्ही प्रश्नांना ‘कोणी नाही’ म्हटले होते, तिने आज एक नाव घेतले, तर तो बदल टक्केवारीत बसवण्याची घाई करू नये.

केंद्राने मजुरी वाढत नाही, पाऊस पडत नाही, सावकाराचे व्याज थांबत नाही. आणि एकाकीपणावर बोलण्याच्या भरात दारिद्र्यावर बोलणे राहून जाऊ नये, हेही तितकेच खरे. तरीही जे करता येण्यासारखे आहे ते फार खर्चाचे नाही. नगरपरिषदेला आपल्या अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी प्रत्येकी 5 टक्के रक्कम राखून ठेवावी लागते, आणि ती बहुधा शिलाई यंत्रे, सायकली, प्रशिक्षणाची शिबिरे यांवर मार्चअखेरीस घाईने खर्ची पडते. बांधकामाला लेखाशीर्ष आहे, रंगरंगोटीला आहे, उद्घाटनाच्या मंडपालाही कुठेतरी जागा निघते. रोज दुपारी अडीच ते सहा दार उघडणाऱ्या, हजेरीपट वाचणाऱ्या आणि न आलेल्यांच्या घरी जाणाऱ्या वस्तीतल्या दोन बायांच्या मानधनाला मात्र स्वतंत्र लेखाशीर्ष नाही. आणि कापसाची वेचणी सुरू झाली की हे दार संध्याकाळी सात ते नऊ उघडावे लागेल, म्हणजे वीजबिलाची तरतूदही त्यातच करावी लागेल.